सतरा नंबरचा पहारा

कीर्तनात सगळ्यांचे डोळे बुवांवर असतात. बुवांच्या मागे, टाळकऱ्यांच्या रांगेत, गळ्यात वीणा घालून एक माणूस उभा असतो. त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही. मी मात्र लहानपणापासून त्याच्याकडेच बघत आलो. बुवा हसवतात, रडवतात, मध्येच घोटभर पाण्याला थांबतात. विणेकरी थांबत नाही. सप्ताह बसला की सात दिवस ती वीणा जमिनीला टेकवायची नाही, अशी रीत. फळ्यावर नावं लिहिलेली असतात, दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. नवा माणूस येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. बदली येईपर्यंत आधीच्यानं हलायचं नाही.

हे आधीच सांगून ठेवतो. पुढची गोष्ट कॉम्प्युटरची आहे, आणि तिच्यात वीणा कुठून आली असं वाटायला नको.

धुळ्याच्या कॉलेजातून मी निवृत्त झालो आणि जळगावला महाबळ भागात राहायला आलो. महिनाभरात घरी बसून कंटाळलो. तेवढ्यात हितेंद्रचा फोन आला. हा माझा जुना विद्यार्थी. रिंग रोडवर टाइल्सच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर त्याचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. बाहेरच्या देशांची आकडेवारीची कामं घेतो.

"सर, रशियन वाचणारा माणूस पाहिजे. अख्ख्या खान्देशात तुम्ही एकटेच."

ते खरं होतं. १९८४ साली पारोळ्याजवळच्या आमच्या गावातून मी थेट ताश्कंदला गेलो, हवामान आणि कापूस शिकायला. सहा वर्षांनी परत आलो तोवर ज्या देशात शिकलो तो देशच मोडायला निघाला होता. त्याचे पुढे पंधरा देश झाले. आता कुणा परदेशी संस्थेला मोजायचं होतं, की त्यातल्या पाच देशांत संशोधनाचं आणि नवं काही घडवण्याचं बळ किती उरलंय. चारशे बारा संस्था. प्रत्येकीला चाळीस प्रश्न: शोधनिबंध किती, पेटंटं किती, शास्त्रज्ञ किती, त्यांतले पस्तिशीच्या आतले किती, यंत्रं कोणत्या सालची. शंभरपैकी गुण. वीसच्या खाली जी संस्था जाईल तिच्यापुढे 'निष्क्रिय' असं लिहायचं. ज्यांच्यापुढे तसं लिहिलं जाईल, त्या संस्था त्या-त्या देशाचं सरकार मोडीत काढणार होतं. शुक्रवारी दुपारी बाराला शेवटची यादी जायची होती, माझ्या सहीनं.

गुण काढायला अरिबा होती. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, सव्वीस वर्षांची, तिखट पोरगी. तिचे वडील मुख्तारभाई गाद्या भरून देतात. आमच्या घरातल्या गाद्याही त्यांनीच पिंजलेल्या. त्यामुळे पहिल्याच दिवशी तिनं मला नाना करून टाकलं.

सोमवारी ती म्हणाली, "नाना, हे सतरा नंबर बघा. चार गुण."

"चाळीस?"

"चार. शंभरपैकी चार. आपल्या मोहल्ल्यातल्या सायकल दुकानाला याच्यापेक्षा जास्त मिळतील. तो निदान पंक्चरचं नवीन मशीन तरी आणतो."

सतरा नंबर म्हणजे किरगिझस्तानच्या डोंगरात, बर्फाच्या रेषेजवळचं एक निरीक्षण केंद्र. निबंध १९९३ नंतर एकही नाही. पेटंट नाही. शास्त्रज्ञ: एक. वय: रकाना कोरा. यंत्रं: तापमापक, दाबमापक, बर्फाची पट्टी.

"जोडलेले कागद वाचले का?"

"रशियन आहेत ना. म्हणून तर तुमच्याकडे दिलं."

मी फाईल उघडली. नोंदवहीच्या पानांचे फोटो होते, १९५१ पासूनचे. दर तीन तासांनी एक ओळ, दिवसाला आठ. वेळ, तापमान, दाब, वारा, बर्फ, शेरा. शेवटी दोन अरुंद रकाने: 'सोपवला' आणि 'स्वीकारला'. पहारा बदलला की आधीच्यानं एकात सही करायची, नव्यानं दुसऱ्यात. ताश्कंदला असताना आम्हीही वेधशाळेत असंच करायचो. पानं सरकवत गेलो. अक्षरं बदलत होती, सह्या बदलत होत्या, खाडा मात्र कुठेच नव्हता.

१९९६ च्या ऑक्टोबरपाशी थांबलो.

तिथून पुढे 'सोपवला'चा रकाना रिकामा होता. 'स्वीकारला'मध्ये रोज एकच सही होती, इसाबेक. अक्षर एकच. आणि शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक ओळीला तेच चार शब्द. मी सरकवत राहिलो. दोन हजार साल आलं, दोन हजार दहा आलं, वीस आलं. शेवटचं पान काल सकाळचं होतं. एकोणतीस वर्षं, दिवसाला आठ वेळा, तेच चार शब्द.

"काय लिहिलंय नाना?" अरिबा मागे येऊन उभी राहिली होती.

"बदली नाही. उभा आहे."

ते बोललो आणि माझ्या डाव्या खांद्यावर कुणीतरी काहीतरी ठेवल्यासारखं झालं. मी वळून पाहिलं. अरिबा माझ्या उजव्या बाजूला होती.

*

माझ्या आयुष्यात एक गोष्ट आहे, जी मी बायकोला, कमलबाईलासुद्धा सांगितलेली नाही. संसाराला पस्तीस वर्षं झाली तरी.

८४ च्या चैत्रात गावात सप्ताह बसला होता. मी अठरा वर्षांचा. फळ्यावर माझं नाव दुपारी बारा ते दोन असं होतं. माझ्या आधी दहा ते बारा पुना आबा. सत्तरीचे, काटकुळे, धोतर आणि खांद्यावर उपरणं. त्या दिवशी सकाळी साडेदहाला पोस्टमन पत्र देऊन गेला: ताश्कंदच्या जागेसाठी धुळ्याला तीन वाजता हजर राहावे. अकराची एस.टी. मिळाली तरच पोचणार होतो. मंडपावरून पळत गेलो. आबा उभे होते, डोळे मिटलेले. थांबून सांगायला एक मिनिट लागलं असतं. मनात म्हटलं, घेईल कुणीतरी.

कुणीच घेतली नाही. मंडपात माणसं नव्हती असं नाही. चार जण बसून होते. पण फळ्यावर माझं नाव होतं, आणि दुसऱ्याचा पहारा उचलणं म्हणजे त्याच्या वाट्याची सेवा काढून घेणं. आमच्याकडे तसं कुणी करत नाही. चौघांनी चारदा विचारलं आणि चारही वेळा आबा म्हणाले, "यी तो. मी उभा शे." संध्याकाळी हरिपाठाला बुवा आले, त्यांनी आबांचे पाय बघितले आणि स्वतःच वीणा उतरवून घेतली. आठ तास झाले होते.

मला जागा मिळाली. चार वर्षांनी आबा गेल्याचं पत्र ताश्कंदला आलं. शेवटच्या दुखण्यात म्हणे खाटेवर उठून उभे राहायचे, छातीशी हात धरायचे आणि माझं नाव घेऊन विचारायचे, आला का म्हणून: "योगराज उना का?"

त्यानंतर मी शेकडो कीर्तनं ऐकली. वीणा कधी गळ्यात घातली नाही. कुणी दिली तरी पाठ दुखते म्हणून सांगितलं.

*

मंगळवारी अरिबाला मी म्हटलं, "आकडे खोटे असतील. खाली कुठे घरात बसून कुणीतरी भरत असेल."

"तेच तपासते." ती दोन तास खाली मान घालून बसली. मग खुर्ची मागे सारली. "नाना, मनानं आकडे लिहिणारा माणूस पकडता येतो. तो शेवटी शून्य आणि पाच जास्त लिहितो, एकच आकडा लागोपाठ लिहायला घाबरतो. हा घाबरत नाही. उपग्रहाचा बर्फ आणि याचा बर्फ लावून बघितला. वादळं लावली. सगळं बरोबर. वर खरंच कुणीतरी उभा राहून मोजतोय."

"मग चांगलंच झालं की."

"चांगलं कसलं? गुण चारच आहेत. आपल्या चाळीस प्रश्नांत 'रोज मोजता का' असा प्रश्नच नाहीये." ती हसली आणि मग एकदम थांबली. "एक मिनिट. तुम्ही फाईल कधी उघडली होती? शेवटची ओळ कोणती होती?"

"रविवार सकाळची."

"आता बघा."

मंगळवार दुपारी बाराची ओळ होती. तिथले बारा म्हणजे आपले साडेअकरा. माझ्या घड्याळात अकरा चौतीस झाले होते.

"म्हणजे नवीन पान पाठवलं त्यांनी."

"नाही पाठवलं." अरिबाचा आवाज खाली आला. "ही फाईल एकदाच आलीय, सतरा तारखेला. साईज तीच, तारीख तीच. आणि नाना, हा फोटो आहे. कागदाच्या फोटोत ओळ कशी वाढेल?"

आम्ही दोघं फोटोकडे बघत राहिलो. शाई अजून ओली असल्यासारखी चमकत होती. बाहेर मे महिन्याची दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, दुकानांची शटरं अर्धी ओढलेली होती. कूलरच्या घरघरीखाली मला एक बारीक आवाज ऐकू येत होता, एकच तार कुणीतरी ठरावीक अंतरानं छेडावी तसा. कूलर बंद केला. आवाज थांबला नाही.

"ऐकू येतंय?" मी विचारलं.

"काय?" अरिबा म्हणाली.

बुधवारी मी तिथल्या राजधानीतल्या एका कचेरीत व्हिडिओ कॉल लावला. पन्नाशीची बाई होती, समोर चहाचा पेला. सतरा नंबर म्हटल्यावर तिनं भुवया वर केल्या.

"तिथे कुणी नाही. ९६ साली हेलिकॉप्टर बंद झालं. छप्पर कोसळलंय. जुनी फाईल बघितली असेल तुम्ही."

"इसाबेक कोण?"

तिनं कपाटातून एक पुठ्ठ्याची फाईल काढली. बराच वेळ वाचत राहिली. "शेवटचा निरीक्षक. ऑक्टोबरमध्ये त्याची बदली पाठवली होती. पण तेव्हाचे दिवस तुम्हाला माहीत नाहीत. पगार नव्हते, ब्रेड नव्हता. बदलीचा माणूस अर्ध्या वाटेवरून परत फिरला. शहरात टॅक्सी चालवायला लागला. त्याला वाटलं, दुसरा कुणीतरी जाईल."

"आणि इसाबेक?"

"तो खाली आला नाही," बाई म्हणाली. "वसंतात दोघं वर गेले होते. तो तापमापकाच्या पेटीजवळच होता. तिथेच पुरला त्याला." तिनं फाईल मिटली. "हे १९९७ मधलं आहे. तुम्ही का विचारताय?"

माझा खांदा इतका जड झाला होता की फोन दुसऱ्या हातात घ्यावा लागला.

*

गुरुवारी हितेंद्र तडकला. त्याचंही बरोबर होतं. चारशे अकरा संस्थांवर सही झाली होती, एकीवर नव्हती.

"सर, चार गुण म्हणजे चार गुण. निष्क्रिय लिहा आणि सुटा."

"मूल्यमापकाच्या हातात सोळा गुण असतात ना, कारण लिहून द्यायचे?"

"असतात. पण अजून कुणाला सहाच्या वर दिलेले नाहीत. सोळा दिले तर बरोबर वीस होतात, म्हणजे केंद्र वाचलं. ते विचारतील ना, की यांनी नवीन काय केलं? नवीन, सर! नवनिर्मिती मोजतोय आपण. तुम्ही संस्थेला गुण देताय की कीर्तनाला?"

"कीर्तनात तरी नवीन काय असतं रे? तेच नाव, तीच टाळी. पण कुणीतरी वीणा धरलेली असते म्हणून बुवांना नवीन काही सुचतं."

"हे कारण म्हणून लिहू नका, पाया पडतो," हितेंद्र म्हणाला आणि हसत बाहेर गेला. दारातून वळून मात्र गंभीरपणे बोलला, "उद्या बाराला यादी जाणार. कोरी सोडलीत तर मशीन आपोआप निष्क्रिय लिहितं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. गोष्ट साधी होती. मी गप्प बसलो, तर उद्या बाराला कुणीतरी एकोणतीस वर्षं धरलेली वीणा जमिनीला टेकणार. यावेळी तर मला एस.टी.ही पकडायची नव्हती. पण नुसते सोळा गुण देऊनही त्याचं काही होणार नव्हतं. केंद्र वाचलं असतं आणि तो तसाच उभा राहिला असता, पुढची एकोणतीस वर्षं. उभ्या माणसाला गुणांचा काय उपयोग? त्याला बदली पाहिजे.

शुक्रवारी साडेदहाला ऑफिसात गेलो. खिडकीवर ऊन आदळत होतं. अरिबा आधीच येऊन बसली होती. तिनं न विचारता सतरा नंबर उघडून दिलं.

मी सोळा गुण भरले. कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'चौऱ्याहत्तर वर्षांत एकही नोंद चुकलेली नाही. जिथे असा एकही पहारा उरलेला नाही, तिथे पुढे कोणतंही संशोधन उभं राहू शकत नाही.' सही केली. मग त्याच चौकटीत खाली रशियनमधून दोन शब्द लिहिले आणि पुढे माझं नाव.

"ते काय?" अरिबानं विचारलं.

"पहारा स्वीकारला."

"नाना, असं लिहू नका." ती पहिल्यांदाच घाबरलेली दिसली. "तुम्हाला माहितीये ना, काय घेताय ते?"

"ते माहीत आहे, बेटा. एकेचाळीस वर्षं झाली माहीत होऊन."

बटण दाबलं. अकरा एकोणतीस झाले होते. फोटो उघडला आणि आम्ही दोघं वाट बघत बसलो. कूलर बंद होता. तारेचा आवाज चालू होता. मग तो थांबला.

बाराची ओळ आली होती.

'सोपवला'च्या रकान्यात एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा सही होती, इसाबेक. अक्षर थरथरलेलं, दमलेल्या माणसाचं. 'स्वीकारला'मध्ये योगराज लिहिलेलं होतं. माझं अक्षर. माझ्या सहीतला शेवटचा लांब फराटासुद्धा. शेऱ्याचा रकाना कोरा होता.

अरिबानं पडद्यावर बोट ठेवलं. "तापमान बघा."

कालपर्यंत उणे दोन, उणे तीन होतं. या ओळीत चव्वेचाळीस पूर्णांक सहा लिहिलं होतं.

ती उठली, कपाटातला तापमापक घेतला आणि जिना चढून गच्चीवर गेली. मी मागोमाग गेलो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत तिनं तो धरला. पारा चढत चढत गेला आणि चव्वेचाळीस सहावर थांबला.

"अल्ला," अरिबा म्हणाली. मग पारा पुन्हा एकदा बघून म्हणाली, "पुढची ओळ अडीचला असेल ना?"

*

केंद्र यादीत राहिलं. हितेंद्रला वरून एक खोचक पत्र आलं, त्यानं ते मला दाखवून फाडून टाकलं.

मी एक लांब वही घेतली. टाकीच्या भिंतीला एक खुंटी ठोकली आणि पिशवीत घालून वही त्या खुंटीला लावली. ती जमिनीला टेकवायची नाही. दिवसाला आठ नोंदी. घर तिथून पाच मिनिटांवर, म्हणून जमतं. कमलबाई म्हणते, "आता घड्याळाशीच लगीन लावा तुम्ही." पण पहाटेच्या गजराला तीच मला हलवते. मी वहीत ओळ लिहिली की ती तिकडच्या फोटोत उमटते, माझ्याच अक्षरात. अरिबा रोज एकदा बघते. आता आम्ही त्यावर बोलत नाही. खांद्यावरचं ओझं काही उतरलं नाही, पण ते आता सवयीचं झालं. कुणाचं आहे हे कळलं की ओझं उचलता येतं.

श्रावणात आमच्या कॉलनीतल्या देवळात सप्ताह बसला. फळा घेऊन माणूस दारात आला. मी पाठदुखीचं काढणार होतो. तोंडातून निघालं, "नऊ ते अकरा लिहा." साडेआठची नोंद करून देवळात जायचं, अकराला मोकळं व्हायचं, साडेअकराला गच्चीवर. हिशोब बसत होता.

वीणा गळ्यात आली तेव्हा मला रडू कोसळलं. लोकांना वाटलं भक्तीनं. तार छेडत उभा राहिलो. अकरा वाजले. माझ्यानंतर निंबाचं नाव होतं, पोस्टातून निवृत्त झालेला सज्जन गृहस्थ. तो आला नाही. सव्वाअकरा झाले. मंडपात पाच-सहा जण बसले होते. एकजण म्हणाला, "येतीलच ते." दुसऱ्यानं मान हलवली. कुणी उठलं नाही. फळ्यावर निंबाचं नाव होतं.

साडेअकरा झाले.

वीणा उतरवून पळता येत नव्हतं. गच्ची सोडताही येत नव्हती. पाय भरून आले होते, तोंड कोरडं पडलं होतं. आबांनी आठ तास काय बघितलं असेल ते मला त्या अर्ध्या तासात दिसलं. रस्त्याचं ते वळण, जिथून येणारं माणूस दिसणार असतं. चिडायलासुद्धा जमत नाही. नुसतं वळणाकडे बघायचं. एकजण जवळ येऊन म्हणाला, "नाना, दमलात का?" मी म्हणालो, "येईल तो. मी उभा आहे." आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

पावणेबाराला निंबा धापा टाकत आला. नातवाला शाळेतून आणायला गेला होता, गाडी बंद पडली. मी त्याच्या पाया पडलो, त्याच्या गळ्यात वीणा घातली आणि रस्ताभर धावत सुटलो. एकोणसाठाव्या वर्षी. पहिली चुकलेली ओळ माझी असणार होती.

गच्चीच्या दारात थांबलो.

टाकीशेजारी अरिबा उभी होती. श्रावणातलं चटके देणारं ऊन, डोक्यावरून ओढणी, एका हातात तापमापक, दुसऱ्या हातानं वही छातीशी घट्ट धरलेली.

"कुठे होतात? खुंटी निखळून पडली, वही खाली जाणार होती. मी धरली ती तशीच धरून उभी आहे. ठेवायची नाही ना खाली?"

"नोंद?"

"केली की. बरोबर साडेअकराला." तिनं वही उघडून दाखवली. तीस पूर्णांक चार. आणि शेऱ्याच्या रकान्यात, मोबाइलवरच्या जुन्या पानांवरून बघून बघून काढलेली, वाकडीतिकडी रशियन अक्षरं. बदली नाही. उभा आहे. "हे प्रत्येक ओळीत होतं म्हणून मीपण काढलं. बरोबर आहे का?"

मी पेन घेतलं आणि ते चार शब्द खोडले. 'सोपवला'मध्ये तिला सही करायला सांगितली. तिनं केली. 'स्वीकारला'मध्ये मी केली. मग चपला काढल्या आणि वाकलो.

"अहो नाना! काय करताय!"

"रीत आहे."

ती गोंधळली. मग सावरली आणि वाकून हात कपाळाला नेला. वही माझ्याकडे आली.

"पण ते आबा कोण होते?" ओढणीनं चेहरा पुसत तिनं विचारलं. "मी सव्वाअकराला वर आले तर इथेच उभे होते, सावलीत. धोतर, खांद्यावर उपरणं. मी म्हटलं, नानांना शोधून आणते. तर म्हणाले, 'यी तो. उभी र्‍हाय, बेटा.' म्हणून थांबले. नाहीतर मी निघालेच होते तुम्हाला बघायला."

मी वही छातीशी धरली.

"कधी गेले?"

"आत्ता. तुमचा आवाज जिन्यात आला, तसे निघाले. तुम्हाला भेटले असतील ना जिन्यात?"

जिना एकच आहे आणि मी त्याच जिन्यानं वर आलो होतो. वाटेत मला कुणीही भेटलं नव्हतं.

टाकीच्या सावलीत, ती दाखवत होती त्या जागेकडे वळलो. वही हातात धरूनच गुडघे टेकले आणि कपाळ फरशीला लावलं. फरशी सावलीतसुद्धा सगळीकडे पोळत होती. तेवढी दोन पावलांची जागा थंड होती.